‘टाकाऊपासून टिकाऊ’ : उसाच्या राखेची उलटतपासणी

‘टाकाऊपासून टिकाऊ’ ही शब्दजोडी आपल्या शाळांमध्ये इतकी रुळली आहे, की तिचा नेमका अर्थ काय असे विचारण्याची वेळच कोणावर येत नाही. विज्ञान प्रदर्शनात या मथळ्याखाली अनेक वस्तू मांडलेल्या असतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात त्यांपैकी एक हमखास दिसते, ती म्हणजे उसाच्या राखेची वीट किंवा राख मिसळलेला काँक्रीटचा ठोकळा. शेजारच्या फलकावरचा मजकूरही साधारण ठरलेला असतो. सिमेंटचा दहावा हिस्सा काढून तिथे राख घातली, अठ्ठावीस दिवसांनी ठोकळा दाबून पाहिला, ताकद थोडी वाढली, म्हणून ही पद्धत स्वस्त, पर्यावरणपूरक आणि टिकाऊ आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांतही पुष्कळदा हाच मजकूर अधिक आलेखांसह भेटतो.

हा निष्कर्ष खोटा आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. तो खरा असू शकतो, आणि नीट काम केलेल्या काही प्रयोगशाळांत तो बऱ्याच अंशी खरा ठरला आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. फलकावर मांडलेला पुरावा त्या निष्कर्षापर्यंत पोचतच नाही. ठोकळा फोडून आपण एक प्रश्न विचारतो आणि उत्तर मात्र तीन वेगळ्याच प्रश्नांचे लिहितो. हे तीन प्रश्न असे: वापरलेली वस्तू खरोखर टाकाऊ होती का? तिने सिमेंटमध्ये खरोखर काही काम केले का? आणि जे तयार झाले ते टिकाऊ आहे का? या लेखात आपण ते एकेक करून तपासू.

या तपासणीसाठी अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी खाली आले आणि त्यामागोमाग ऊस आला. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. आज कोपरगाव, संगमनेर, नेवासे, श्रीगोंदे अशा कित्येक तालुक्यांत कारखान्याची चिमणी हीच गावाची खूण आहे. जिथे चिमणी तिथे बॉयलर, आणि जिथे बॉयलर तिथे राख.

राख सिमेंटमध्ये करते काय?

आधी थोडे रसायनशास्त्र पाहू. चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की ‘क्लिंकर’ नावाचे खडे तयार होतात. थोडे जिप्सम घालून ते दळले म्हणजे साधे पोर्टलँड सिमेंट होते. या भाजणीतच खरी अडचण आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध चुनखडी १०० ग्रॅम भाजली तर ५६ ग्रॅम चुना उरतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कितीही स्वच्छ इंधन वापरले तरी हा वायू टळत नाही, कारण तो दगडातूनच निघतो. त्यात इंधनाचा धूर मिळवला तर एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातल्या एकूण मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंटच्या नावावर आहे. म्हणून क्लिंकरची बचत करणे हे सध्या बांधकामशास्त्रापुढचे एक मोठे काम आहे.

सिमेंटमध्ये पाणी घातले की त्यातले कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी संयोग पावतात आणि दोन पदार्थ तयार होतात. पहिला, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचा चिवट लगदा. काँक्रीटची ताकद याच्यामुळेच असते. दुसरा, विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. ताकदीच्या दृष्टीने हा जवळजवळ रिकामटेकडा असतो. आता या मिश्रणात अगदी बारीक आणि अस्फटिक सिलिका असेल, तर ती या रिकामटेकड्या चुन्याला पकडते आणि सावकाशपणे आणखी चिवट लगदा तयार करते. असे करणाऱ्या पदार्थांना ‘पोझोलाना’ म्हणतात. इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओली गावाच्या परिसरात मिळणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेवरून हे नाव पडले. ती राख चुन्यात मिसळून रोमन लोक समुद्राच्या पाण्यातही बांधकाम करीत. आपल्याकडची सुरखी, म्हणजे विटांचा भुगा, हीदेखील पोझोलानाच. जुन्या गवंड्यांना सिलिका हा शब्द ठाऊक नव्हता, पण चुन्यात सुरखी घातली की पाण्यातही पकड धरते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ऊस जमिनीतून सिलिका शोषून घेतो. उसाची पाने हाताला कापतात ती तिच्यामुळेच. बगॅस जाळला की सेंद्रिय भाग जातो आणि राखेत सिलिका उरते. म्हणजे उसाच्या राखेने सिमेंटला मदत करावी ही कल्पना भक्कम शास्त्रावर उभी आहे. आता प्रश्नांकडे वळू.

पहिला प्रश्न : टाकाऊ कशाला म्हणावे?

टाकाऊपणा हा वस्तूचा गुणधर्म नव्हे. वजन किंवा घनता जशी मोजता येते तसा तो मोजता येत नाही. ती वस्तू कोणाच्या दारात पडली आहे यावर तो ठरतो.

ज्वारीचा कडबा प्रयोगशाळेच्या भाषेत ‘कृषी अवशेष’ असतो. पाथर्डी किंवा जामखेडच्या शेतकऱ्याला कोणी ‘तुमचा हा अवशेष विटांत घालू’ म्हटले तर तो आधी गोठ्याकडे बोट दाखवील. २०१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडाव्या लागल्या होत्या आणि उभा ऊसही चाऱ्यासाठी तोडला जात होता. अशा मुलखात कडब्याची वीट ही शोध नसून उधळपट्टी ठरेल. शेवगावकडची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पुष्कळ घरांत चुलीत जातात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या तयार करण्याचे तंत्र विकसित केले, ते चांगलेच आहे. पण पऱ्हाटी नेली तर चुलीत काय घालायचे, हा प्रश्न त्या हिशेबात धरावाच लागतो.

उसाचे पाचट घ्या. एका हेक्टरच्या उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. बरेच शेतकरी ते पेटवून देतात, म्हणून ते टाकाऊ वाटते. पण कृषी शास्त्रज्ञांचे सांगणे असे, की ते सरीत आच्छादन म्हणून ठेवावे आणि कुजू द्यावे, म्हणजे ओल टिकते आणि जमिनीला सेंद्रिय पदार्थ मिळतात. पाचटाची खरी मागणीदार जमीन आहे. तिला अर्ज करता येत नाही, एवढेच.

बगॅसही टाकाऊ नाही. तो कारखान्याचे इंधन आहे. त्याच्यावर कारखाना चालतो, वर वीजही विकली जाते. शिवाय कागदासाठी त्याला मागणी असते. ‘बगॅस या टाकाऊ पदार्थापासून’ अशी सुरुवात करणाऱ्या फलकावर शिक्षकांनी तिथेच थांबून प्रश्न विचारावा.

या सगळ्यात टाकाऊ म्हणण्याजोगी वस्तू उरते ती बॉयलरची राख. तीही पूर्णपणे निरुपयोगी नाही, तिच्यात पालाश असते आणि काही प्रमाणात ती शेतात पसरली जाते. पण हंगामात तिचे ढीग साचतात, वाऱ्याने उडतात, आसपासच्या पिकांवर आणि घरांवर बसतात. तिला चांगला उपयोग सापडला तर कोणाच्या तोंडचा घास जाणार नाही. म्हणून पहिल्या प्रश्नात राख उत्तीर्ण होते. कडबा, पाचट आणि बगॅस यांना मात्र तिच्याबरोबर सरसकट उत्तीर्ण करता येणार नाही.

दुसरा प्रश्न : राखेने काम केले का?

‘राखेत ७० टक्के सिलिका आहे, म्हणून ती सिमेंटसारखी वागते’ हे वाक्य अहवालांत फार वेळा येते. हे वाक्य अपुरे आहे. नदीच्या वाळूतही सिलिकाच असते. ती चुन्याशी संयोग पावत नाही, कारण तिच्यातले अणू स्फटिकात पक्के बसलेले असतात. काम करते ती अस्फटिक सिलिका. रासायनिक पृथक्करणाच्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात मोजल्या जातात.

उसाच्या राखेत हा घोटाळा विशेष होतो. ऊस तोडताना आणि वाहताना त्याला शेतातली माती आणि वाळू चिकटते. ती बगॅसबरोबर भट्टीत जाते आणि राखेत उतरते. तिच्यामुळे सिलिकेची टक्केवारी वाढलेली दिसते, पण ती वाढ निरुपयोगी असते. दुसरी गोष्ट तापमानाची. बगॅस कमी तापला तर न जळलेला कोळसा राखेत राहतो. जास्त तापला तर अस्फटिक सिलिकेचेही स्फटिक होऊ लागतात. बॉयलर वाफेसाठी चालवलेला असतो, राखेच्या दर्जासाठी नव्हे. म्हणून एका कारखान्याची राख दुसऱ्यासारखी नसते. एकाच कारखान्यात भट्टीच्या तळाची राख आणि धुरातून पकडलेली राखही सारखी नसते. ‘उसाची राख वापरली’ एवढेच लिहिणे म्हणजे ‘औषध दिले’ एवढेच लिहिण्यासारखे आहे.

हे काम नीट कसे करावे याचा एक चांगला नमुना आयआयटी मद्रासमध्ये ए. बहुरुद्दीन आणि मनू संथानम यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. कारखान्यातली राख जशीच्या तशी घेतली तर ती फारसे काम करीत नाही असे त्यांना आढळले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली राखेतले कण वेगवेगळे ओळखले. न जळलेले, तंतूंच्या आकाराचे कार्बनचे कण मोठे असतात. ३०० मायक्रोमीटरच्या चाळणीने ते काढून टाकता येतात. मग उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली की तिची क्रियाशीलता स्पष्ट वाढते. म्हणजे चाळणी आणि दळण या दोन साध्या क्रियांनी राखेचे पोझोलानात रूपांतर होते. प्रदर्शनातल्या बहुतेक ठोकळ्यांत या दोन्ही क्रिया गाळलेल्या असतात.

आता प्रयोगाच्या आखणीकडे पाहू. आमची सर्वांत मोठी तक्रार इथे आहे. नेहमीच्या प्रयोगात दोन प्रकारचे ठोकळे असतात, बिनराखेचे आणि राखेचे. राखेचा ठोकळा आठ टक्क्यांनी जास्त भरला, की राख जिंकली. यात तीन दोष आहेत.

पहिला दोष आकड्यांचा. भारतीय मानक ४५६ प्रमाणे काँक्रीटच्या एका नमुन्यासाठी तीन ठोकळे फोडतात आणि प्रत्येकाची ताकद सरासरीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमीजास्त असणे ग्राह्य धरले जाते. तरबेज हातांनी, एकाच घमेल्यातून भरलेल्या ठोकळ्यांची ही कथा. मग शाळेत भरलेल्या दोन-तीन ठोकळ्यांतल्या आठ टक्क्यांच्या फरकाला काय अर्थ उरतो? तो फरक राखेचा असेल, किंवा भरताना कोणी जास्त ठोकले त्याचाही असेल.

दुसरा दोष तुलनेचा. कोणतीही बारीक भुकटी सिमेंटमध्ये घातली तरी सुरुवातीच्या काळात थोडा फायदा होऊ शकतो. तिचे कण पोकळ्या भरतात आणि नवा लगदा जमायला पृष्ठभाग पुरवतात. त्यासाठी भुकटीने चुन्याशी संयोग पावण्याची गरज नसते. राखेचे खरे काम दाखवायचे असेल तर तिसरा ठोकळा हवा, तितकीच बारीक दळलेली वाळू तितक्याच प्रमाणात घातलेला. राखेचा ठोकळा वाळूच्या ठोकळ्यापेक्षा सरस ठरला तरच राख पोझोलाना आहे असे म्हणता येईल. हा तिसरा ठोकळा आम्हाला फलकांवर जवळजवळ कधीच दिसत नाही. आणि तो नसेल, तर बाकीचे आलेख कितीही देखणे असले तरी मुख्य प्रश्न अनुत्तरितच राहतो.

तिसरा दोष सिमेंटच्या गोणीचा. दुकानात सर्रास मिळणारे सिमेंट पुष्कळदा ‘पोर्टलँड पोझोलाना’ प्रकारचे असते. त्यात औष्णिक वीज केंद्राची राख १५ ते ३५ टक्के आधीच मिसळलेली असते. म्हणजे रिकामटेकड्या चुन्याला तिथे आधीच काम लावून दिलेले आहे. अशा सिमेंटमध्ये उसाची राख घालणे म्हणजे एकाच चाकरीवर दुसरा गडी ठेवणे. गोणीवरचे नाव वाचले नाही तर निकालाचा अर्थ लावणेच अशक्य होते.

याखेरीज पाण्याचा मुद्दा आहे. राखेतला सच्छिद्र कोळसा पाणी पितो, मिश्रण कोरडे वाटते, मग विद्यार्थी आणखी पाणी घालतात. सिमेंटमागे पाणी वाढले की ताकद घटते. अशा वेळी ठोकळा कमी भरला तर दोष राखेचा की पाण्याचा, हे कळत नाही.

तिसरा प्रश्न : टिकाऊ म्हणजे किती दिवस?

अठ्ठावीस दिवस हा सिमेंटच्या परीक्षेचा सोयीचा मुक्काम आहे, घराचे आयुष्य नव्हे. गंमत अशी, की ही मुदत राखेवर अन्यायही करते. पोझोलानाची क्रिया सावकाश चालते आणि तिचा फायदा नव्वद दिवसांनी अधिक स्पष्ट होतो. म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या आकड्यावरून राखेला घाईने नापास करणेही तितकेच चूक.

टिकाऊपणात दोन्ही बाजूंचे पुरावे तपासावे लागतात. चांगली राख काँक्रीटमधली सूक्ष्म छिद्रे भरते, पाणी आणि क्षार आत शिरायला अडथळा होतो. ही जमेची बाजू. पण मोकळा चुना अगदीच निकामी नसतो. त्याच्या अल्कधर्मी स्वभावामुळे आतली लोखंडी सळई गंजत नाही. राखेने चुना वापरला आणि शिवाय सिमेंटही कमी घातले, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड हा साठा लवकर संपवू शकतो. म्हणून सळई नसलेल्या विटेला जे लागू, ते स्लॅबला तसेच लागू होत नाही. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत काँक्रीटमध्ये मिसळायच्या पदार्थांत दगडी कोळशाची राख आणि भाताच्या तुसाची राख यांची नावे आहेत, उसाच्या राखेचे नाही. ही अढी नव्हे, सावधगिरी आहे. तुसाच्या राखेमागे पी. के. मेहता यांच्यासारख्या संशोधकांचे १९७० च्या दशकापासूनचे काम उभे आहे.

राखेऐवजी थेट तंतू, म्हणजे बगॅस, पऱ्हाटीचा भुसा किंवा गव्हाचे काड, सिमेंटमध्ये घातले तर अडचणी वेगळ्या येतात. सिमेंटच्या छिद्रांतले पाणी इतके अल्कधर्मी असते की तंतूंतले लिग्निन आणि हेमिसेल्युलोज हळूहळू विरघळते. काही महिन्यांत चिवट तंतू ठिसूळ होतात. पहिल्या महिन्यात उत्तम वाकणारी फळी दोन-चार पावसाळ्यांनी कशी वागते, ते पाहिल्याशिवाय तिला टिकाऊ म्हणू नये.

शिवाय बगॅसमध्ये थोडी साखर उरलेलीच असते. सिमेंटच्या वजनाच्या एक हजारांश, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीला जेमतेम पन्नास ग्रॅम साखर सिमेंटचे घट्ट होणे कित्येक तास लांबवते. इथे एक लोकप्रिय युक्तिवाद तपासून घ्यायला हवा. ‘आपले पूर्वज चुन्यात गूळ घालीत, मग सिमेंटमध्ये का नको?’ चुन्याच्या घाणीत गूळ घालण्याची प्रथा खरीच होती, आणि साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो हेही खरे. पण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्‌महिने घट्ट होतो. त्याला घाई नसते. सिमेंट पाण्याशी संयोग पावून काही तासांत घट्ट होते आणि साखर नेमकी तीच क्रिया अडवते. परंपरेचा दाखला देताना पदार्थ बदलला की दाखलाही बदलतो. भंडारदऱ्याचे दगडी धरण चुन्यात बांधले गेले, यावरून सिमेंटबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

हिशेब कोणाच्या बाजूने?

इतके आक्षेप वाचून शिक्षकांना वाटेल, की राखेचा नाद सोडावा. पण हिशेब केला तर तसे निघत नाही. एक टन राख दळायला सुमारे ४० युनिट वीज धरली, तर आपल्याकडच्या विजेच्या हिशेबाने सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइड होतो. शंभर किलोमीटर वाहतुकीचे आणखी सुमारे १० किलो. त्याबदल्यात एक टन क्लिंकर वाचला तर ८०० किलोंवर बचत. राख ओली असेल तर ती उन्हात वाळवावी, इंधन जाळून वाळवू नये, एवढे पथ्य पाळले की पारडे स्पष्टपणे राखेकडे झुकते. अर्थात राखेने खरोखर क्लिंकरचे काम केले तरच. म्हणून तर दुसऱ्या प्रश्नावर आम्ही इतका भर दिला.

मात्र आवाक्याबद्दल भ्रम नको. एक टन उसामागे साधारण ६ किलो राख उरते. महाराष्ट्रात एका चांगल्या हंगामात सुमारे १० कोटी टन ऊस गाळला जातो. म्हणजे राख झाली ६ लाख टन. देशात वर्षाला ४० कोटी टनांहून अधिक सिमेंट तयार होते. सगळ्या महाराष्ट्राची राख वापरली तरी प्रमाण हजारी दीड टनाच्या आसपास. औष्णिक वीज केंद्रांची राखच वर्षाला २५ कोटी टनांच्या वर असते, उसाच्या राखेच्या सुमारे चारशेपट. ‘उसाच्या राखेने सिमेंट उद्योगाचे प्रदूषण संपेल’ हे वाक्य या एका भागाकाराने गळून पडते.

पण हाच भागाकार तालुक्यासाठी करून पाहा. रोज ५,००० टन गाळप करणारा कारखाना १२० दिवस चालला तर ६ लाख टन ऊस आणि ३,६०० टन राख. चौरस फुटाला ०.४ गोणी या ठोकताळ्याने पाचशे चौरस फुटांच्या घराला २०० गोण्या, म्हणजे १० टन सिमेंट लागते. त्यातले एक टन राखेने भागवले तर ३,६०० घरे होतात. चाळणीत निम्मी राख गेली तरी अठराशे. देशाच्या हिशेबात थेंब असलेली राख एका तालुक्याच्या हिशेबात भरपूर आहे. तिचा उपयोग तालुक्यातच, विटा, फरसबंदीचे ठोकळे, गिलावा अशा बिनसळईच्या कामांत शोधावा, असे हे गणित सुचवते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील मादुरवार, मांडवगणे आणि रालेगावकर यांनी २०१४ मध्ये उसाची राख, खाणीतला दगडचूर आणि चुना यांची बिनसिमेंटची वीट ‘करंट सायन्स’मध्ये मांडली. नेहमीच्या विटेपेक्षा हलकी आणि ताकदीत मानकाला उतरणारी ही वीट याच दिशेचे काम आहे.

शाळेत काय करता येईल?

दाब देणारे यंत्र नसले तरी खरा प्रश्न शाळेत विचारता येतो. उलट, सिमेंट अजिबात न वापरता तो अधिक स्वच्छ विचारता येतो.

पहिला प्रयोग. चाळून बारीक कुटलेली राख तीन भाग आणि विरलेल्या चुन्याची कोरडी पूड एक भाग वजनाने घ्या. थोड्या पाण्यात घट्ट मळून प्लास्टिकच्या लहान डबीत ठासून भरा. दुसऱ्या डबीत राखेऐवजी तितकीच बारीक कुटलेली वाळू, तिसरीत विटेची सुरखी. झाकणे चिकटपट्टीने हवाबंद करा, कारण हवा लागली तर चुना हवेनेच घट्ट होईल आणि आपली फसगत होईल. महिन्याने गोळे काढून पाण्यात ठेवा. वाळूचा गोळा विसकटेल. राखेचा टिकला तर ती राख पोझोलाना आहे. विसकटला तर ती नाही, मग तिच्यात सिलिका कितीही टक्के असो.

दुसरा प्रयोग. वाळवून तोललेली राख मुशीत तासभर लालबुंद तापवा आणि थंड झाल्यावर पुन्हा तोला. घटलेले वजन मुख्यतः न जळलेल्या कार्बनचे. दगडी कोळशाच्या राखेसाठी भारतीय मानकाची मर्यादा ५ टक्क्यांची आहे. चाळण्यापूर्वीची आणि चाळल्यानंतरची राख, दोन्ही तपासा.

तिसरा प्रयोग. तीन पेल्यांत शंभर-शंभर ग्रॅम सिमेंट घ्या. पहिल्यात ३५ मिलिलीटर साधे पाणी. दुसऱ्यात एक टक्का साखरेचे १० मिलिलीटर द्रावण आणि २५ मिलिलीटर पाणी. तिसऱ्यात उसाची चिपाडे रात्रभर भिजवलेले ३५ मिलिलीटर पाणी. दर तासाला आगकाडी टोचून नोंद ठेवा.

जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे यंत्र वापरता आले तर मोठ्या विद्यार्थ्यांनी चार प्रकारचे ठोकळे करावेत: साधे, १० टक्के राखेचे, १० टक्के दळलेल्या वाळूचे, आणि १० टक्के सिमेंट नुसतेच कमी केलेले. सिमेंट साधे पोर्टलँड घ्यावे. सर्व प्रकारांत पाणी सारखे ठेवावे. प्रत्येकी तीन ठोकळे ७, २८ आणि ९० दिवसांनी फोडावेत. सरासरीबरोबर तिन्ही आकडेही फलकावर लिहावेत.

सावधगिरीच्या दोन सूचना. राखेचा ढीग वरून थंड दिसला तरी आत निखारे असू शकतात, म्हणून मुलांना ढिगावर कधीही जाऊ देऊ नये. राख कारखान्यातल्या जाणकाराकडून मागून घ्यावी, आणि कोणत्या ठिकाणची, कोणत्या दिवशीची, बॉयलरमध्ये आणखी काय जळत होते, हेही विचारून लिहून घ्यावे. दुसरी, राख आणि सिमेंट यांची धूळ छातीत जाऊ नये म्हणून नाकाला फडके बांधावे, कुटताना थोडे पाणी शिंपडावे, आणि चुना व सिमेंट हातमोजे घालूनच हाताळावे.

असे केल्यावर एखाद्या शाळेच्या फलकावर कदाचित लिहावे लागेल: ‘आमच्या कारखान्याच्या राखेचा गोळा पाण्यात विसकटला.’ परीक्षकांनी या फलकाला कमी गुण देऊ नयेत. त्या राखेला चाळणी हवी, दळण हवे, की तिचे काम शेतातच आहे, हे त्या विसकटलेल्या गोळ्यापासूनच शोधता येईल. पुढच्या हंगामात चिमणी पुन्हा पेटेल, राख पुन्हा मिळेल आणि प्रयोग पुन्हा करता येईल.